राखेच्या सिमेंटचा रोड तिकडं मायनसमधी टिकते, मंग आमचा काहून उखडला?

दारव्हावाला
राजेहो, गावात मारोतीच्या पारापासून शाळेपर्यंत सिमेंट रोड झाला जानेवारीत. एप्रिलमधीच वरची पपडी निघून राह्यली, बंडी गेली का भुकटा उडते, चाबीनं ओरखडलं तरी रेघ पडते. ठेकेदार म्हणते आजकाल सिमेंटच राखेचं येते, माह्या हातात काय. इकडं भाचा मिनेसोटात हाये, तो म्हणे तिकडं मनरोड म्हणून टेस्टचा रोड हाये आय-९४ हायवेवर, तिथं कमी कार्बनचं सिमेंट टाकून पाह्यते अन् थंडी मायनस तीसपर्यंत जाते. मंग खरं कोणाचं? अन् वरून सिमेंटचा घोल मारला तर चालन का?

साइटवरचा
राख असते हे खरं. पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्यात १५ ते ३५ टक्के, कोराडी, चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांतून निघते तीच. तेवढा क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून बनवलेला सिमेंटचा मूळ माल, कमी, म्हणून कार्बन कमी, कारण चुनखडी भाजली की तिच्यातूनच गॅस निघतो, इंधनाचा धूर वेगळाच. पण राख सावकाश पकडते भाऊ, अन् तिला तेवढे दिवस ओल पाहिजे. आयएस ४५६ म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, त्यात ओपीसी म्हणजे बिनराखेच्या साध्या सिमेंटला तराई (पाणी मारून ओल ठेवणं) कमीत कमी ७ दिवस अन् राखेच्या सिमेंटला १०, हवा कोरडी-गरम असली तर १४ सांगितली आहे. तुमच्याकडं किती दिवस झाली?

दारव्हावाला
तीन. मंग टँकर आलाच नाही, लग्नात गेला म्हणे. गोणपाट तर डोळ्यानं पाह्यलं नाही.

बर्फातला वऱ्हाडी
मूळ अचलपूरचा, इकडं काँक्रीटच्या लॅबमध्ये आहे. इथला खरा त्रास म्हणजे पाणी गोठलं की ९ टक्के फुगते, म्हणून मसाल्यात बारीक हवेचे बुडबुडे मुद्दाम ठेवतात अन् लॅबमध्ये ३०० वेळा गोठवून वितळवून पाहतात. राखेत न जळलेला कोळसा जास्त असला तर तो बुडबुड्याचं औषधच पिऊन टाकते, मग रोड फुटला की नाव राखेचं! बर्फावर मीठ टाकतात तिथं पपडी निघायची भीती जास्त, म्हणून तशा ठिकाणी राख साधारण २५ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. उलट कॅल्शियम क्लोराइडवाल्या मिठानं सांधे खराब होतात त्यात राख फायद्याची, ते मीठ ज्या मोकळ्या चुन्याला भिडते तोच ती काँक्रीटमधून खाऊन टाकते. पण पपडीचं नेहमीचं कारण सांगू का, वर पाणी सुटलेलं असताना मिस्त्री घाईनं थापी फिरवते, वरून कोरडं सिमेंट भुरभुरवते. थंडीत राखेचं सिमेंट उशिरा आवळते, पाणी जास्त वेळ सुटत राहते, मिस्त्रीला मात्र घरी जायचं असते. तुमच्या जानेवारीतही तेच झालं असन, बर्फ नसला तरी.

साइटवरचा
बरोबर. अन् घोल मारू नका, खालचा थर कच्चा असताना वरचा महिन्यात पोपडे धरते. आधी कोअर, म्हणजे रोडमधून कापलेला गोल नमुना, काढून ताकद पाहायला लावा, खालचं पक्कं निघालं तर वरचं कच्चं घासून काढता येते. बिल निघालं नसन तर आताच लेखी द्या.

दारव्हावाला
आज चाबी घेऊन पुरा रोड फिरलो. सगळीकडं भुकटा, पण हापशीसमोरचा दहा-बारा फूट असा कडक का चाबीच घसरते. तिथं बायका दिवसभर पाणी भरतात, सांडलेलं सारं रोडवरून वाह्यते. सिमेंट तेच, ठेकेदारही तोच.