शाळेनंतरचे क्लास : किती लावावेत, कोणते, आणि आधी काय तपासावं?

मोरपंखी
मुलगी ८ वर्षांची, मुलगा ११ वर्षांचा. दोघं पावणेचारला घरी पोचतात. मुलीला पोहणं, व्हायोलिन, चित्रकला आणि स्केटिंग, चारही हवंय. मुलगा आठवड्यातून ६ दिवस, रोज दीड तास फुटबॉल खेळतो. बाकी सगळं बंद करून फक्त फुटबॉलच ठेवा, असं आता प्रशिक्षक म्हणतात. सरावानंतर अधूनमधून त्याची टाच दुखते.

प्रश्न असे : मुलीसाठी चारातलं काय ठेवावं? ११व्या वर्षी एकच खेळ धरणं योग्य आहे का? व्हायोलिन आत्ताच विकत घ्यावं का? क्लास बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

घड्याळकाटा
मुलीपुरतं लिहितो. चारही नावं बाजूला ठेवा आणि आधी तिची संध्याकाळ मिनिटांत मांडा.

६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. सकाळी साडेसहाला उठायचं तर रात्री ९ला अंथरुणात. पावणेचार ते नऊ म्हणजे सव्वापाच तास. त्यातून आल्यावरचं खाणं आणि हातपाय धुणं पाऊण तास, गृहपाठ पाऊण तास, जेवण नि आवराआवर एक तास, झोपण्याआधीचा शांत अर्धा तास. हे तीन तास वजा केले की उरले सव्वादोन तास.

आता पोहण्याचा ४५ मिनिटांचा क्लास घ्या. जाणं १५, कपडे बदलणं १०, क्लास ४५, अंघोळ आणि केस कोरडे करणं २०, परत येणं १५. झाले पावणेदोन तास. म्हणजे पोहण्याच्या दिवशी मोकळा वेळ फक्त अर्धा तास. असे दिवस आठवड्यात दोनच ठेवा, आणि लागोपाठ नकोत.

व्हायोलिनचा खर्च वेगळ्या तऱ्हेचा आहे. क्लास अर्ध्या तासाचा असला तरी घरी रोज १५ मिनिटं सराव लागतो. वेळापत्रकात क्लास लिहिला जातो आणि सराव राहून जातो. मग तीन महिन्यांनी 'तिला गोडी नाही' असा निष्कर्ष निघतो.

माझं मत : पोहणं २ दिवस, व्हायोलिन १ दिवस आणि रोजचा सराव. उरलेले दिवस रिकामे. चित्रकलेला या वयात क्लासपेक्षा हाताशी ठेवलेले कागद, रंग आणि पसारा चालेल असा एक कोपरा जास्त उपयोगी. स्केटिंग पुढच्या वर्षी.

पोहणं आधी धरलं ते सुरक्षिततेसाठी. ते उशिरा शिकण्याचा धोका चित्रकला उशिरा शिकण्यात नाही. पण पोहता आलं म्हणून पाण्याजवळची नजर सैल करू नका, मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच.

रिकामे दिवस वाया जातील असं वाटून भरू नका. बालहक्कांच्या १९८९च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ३१व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे. शिवाय ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात पळापळी, दोरीवरच्या उड्या, सायकल सगळं धरलं जातं. त्यासाठी फी भरावी लागत नाही.

पांढरी रेघ
मोरपंखीताई, मुलाची टाच आधी डॉक्टरांना दाखवा. वेळापत्रकाचं नंतर बघू.

साधारण ८ ते १४ या वयात टाचेच्या मागच्या बाजूला हाडाची वाढ होणारी मऊ पट्टी असते. पोटरीचा जाड स्नायुबंध तिथेच जोडलेला असतो. उंची झपाट्याने वाढताना हाड पुढे जातं, स्नायू मागे राहतात आणि प्रत्येक धावेला त्या पट्टीवर ओढ बसते. कडक मैदान आणि पातळ तळव्याचे खिळ्यांचे बूट यांनी त्रास वाढतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखली तर हे कारण असण्याची शक्यता बरीच असते, पण निदान डॉक्टरांनीच करावं. पट्टीची वाढ पूर्ण झाली की दुखणं सहसा जातं; तोवर धावणं कमी करावं लागतं. मुलगा लंगडत असेल तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवायचा. वेदनाशामक गोळी देऊन सामन्याला उतरवणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण गोळीने इशारा बंद होतो, ओढ नाही.

आता एका खेळाबद्दल. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला असा : एकच खेळ आठवड्यात जास्तीत जास्त ५ दिवस, वर्षातून एकूण ३ महिने त्या खेळापासून विश्रांती, एकेक महिन्याचे तुकडे केले तरी चालेल, आणि बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेण्याचा निर्णय १५-१६ वर्षांपर्यंत लांबवा. आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, असाही एक ठोकताळा आहे. तुमच्या मुलाचे ६ दिवसांचे ९ तास होतात, म्हणजे तास ११च्या आत आहेत. चुकतंय ते दिवसांत. शरीराला भरून निघायला लागणारी सुट्टी कुठेच नाही.

टाच बरी झाल्यावर प्रशिक्षकांपुढे हे मांडा : फुटबॉल ४ दिवस, एक दिवस पोहण्यासारखी टाचेवर भार न टाकणारी हालचाल, बाकी सुट्टी. एकच खेळ न धरल्याने मूल मागे पडतं, ही भीती फुटबॉलपुरती तरी अनाठायी आहे. ऐन बहर लहान वयात येतो अशा जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळांचा हिशोब निराळा असतो.

लहान मुलांना मोठ्यांचं सामान दिलं की तंत्र बिघडतं, तेही तपासा. फुटबॉल साधारण ८ ते १२ वयाला ४ नंबरचा, त्यापुढे ५ नंबरचा. मिनी बास्केटबॉलची कडी ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटर उंचीवर असते. टेनिसमध्ये नवशिक्या मुलांसाठी लाल, नारिंगी आणि हिरव्या खुणेचे चेंडू आहेत. लाल सर्वांत मंद. ८ वर्षांच्या मुलांना थेट मोठ्यांच्या पिवळ्या चेंडूवर खेळवणारा क्लास मला पटत नाही.

मुलीचं स्केटिंग सुरू कराल तेव्हा हेल्मेट, कोपर आणि गुडघ्याच्या पट्ट्यांबरोबर मनगटाचे संरक्षक विसरू नका. पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि मोडतं ते मनगट.

चौथी तार
व्हायोलिन विकत घेऊ नका. भाड्याने मिळतं का ते विचारा, किंवा शिक्षकांकडे एखादं जास्तीचं असतं.

कारण मापं. १/१६ पासून १/८, १/४, १/२, ३/४ आणि पूर्ण, अशी ती येतात. माप वयावर नाही, हाताच्या लांबीवर ठरतं. मुलीने व्हायोलिन खांद्यावर वाजवण्याच्या स्थितीत धरावं आणि डावा हात पुढे न्यावा. टोकाच्या नक्षीदार गुंडाळीभोवती बोटं सहज वळली पाहिजेत आणि तरीही कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. हात ताठ होत असेल तर वाद्य मोठं आहे. दोन मापांत शंका आली तर लहान घ्या. कपड्यांसारखं 'वाढत्या अंगाचं' घेतलं की मनगट आत मोडतं, मान आखडते, बोटं सुरापाशी पोचत नाहीत आणि मूल बेसूर आहे असा शिक्का बसतो. गजसुद्धा त्याच मापाचा हवा.

घड्याळकाटा यांच्याशी एका बाबतीत माझं जमत नाही. नवशिक्याला आठवड्यातून एकच तासिका असेल तर सहा दिवस चुकीची पकड पक्की होते. अर्ध्या तासाची एक घेण्यापेक्षा २०-२० मिनिटांच्या दोन मिळाल्या तर पहिले तीन महिने त्या घ्या. नाही मिळाल्या तर तासिकेला स्वतः बसा आणि पकडीचा फोटो काढून घरी आरशाशेजारी लावा.

तार जुळवण्याचं काम सुरुवातीला मुलीवर टाकू नका. खालच्या बाजूच्या बारीक स्क्रूनेच जुळवा. वरची खुंटी जोरात पिळली की सगळ्यात बारीक तार तुटते. वाजवून झालं की गज सैल करायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून.

उघडं दार
क्लास बघायला जाताना खास दाखवण्यासाठी ठेवलेली तासिका टाळा. नेहमीच्या वारी जा आणि एका मुलावर नजर ठेवून घड्याळ लावा. १२ मुलं एका रांगेत, प्रत्येकाची पाळी एका मिनिटाची, तर ४५ मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला चार पाळ्यासुद्धा येत नाहीत. बाकी वेळ रांग. तीन छोटे गट केलेले दिसले तर तो शिक्षक विचार करणारा आहे.

शिक्षक चूक कशी सांगतात ते ऐका. 'नीट कर' यातून मुलाला काही कळत नाही; 'कोपर वर, बोटं जुळव' यातून कळतं.

पोहण्याच्या ठिकाणी शिकवणाऱ्याखेरीज फक्त पाण्यावर नजर ठेवणारा जीवरक्षक हवा. एकच माणूस दोन्ही कामं करत असेल तर तिथे घालू नका.

आणि हे कुठल्याही क्लासला विचारा : पालकांना कधीही डोकावता येतं का? मूल एकटं एका मोठ्या माणसाबरोबर बंद दाराआड असतं का? शिक्षक मुलांना वेगळे खाजगी मेसेज करतात का? मुलाला न्यायला कोण येऊ शकतं याची यादी ठेवतात का? प्रश्न विचारल्याचा राग येणारी जागा सोडून द्या.

फी शक्यतो महिन्याची भरा. वर्षाची भरली की पैशांसाठी मुलाला ओढत नेलं जातं. सुरू करतानाच मुलीशी १० आठवडे ठरवा. मध्ये 'नको' म्हणाली तर नेमकं काय नको ते विचारा : विषय, शिक्षक, सोबतची मुलं की वेळ? बऱ्याचदा वेळ बदलून काम होतं. पण भीती, दुखणं किंवा चारचौघांत अपमान हे कारण असेल तर १० आठवडे मोजायचे नाहीत, त्याच दिवशी थांबायचं.

मोरपंखी
सगळ्यांचे मनापासून आभार. टाचेसाठी उद्याच डॉक्टरांकडे जातो. व्हायोलिनचा सराव गृहपाठाआधी ठेवू की नंतर?

चौथी तार
आधी. खाणं झालं की लगेच. गृहपाठानंतर डोकं आणि खांदे दोन्ही दमलेले असतात, आणि दमलेल्या खांद्याने पकड बिघडते. १५ मिनिटं झाली की चांगलं चाललेलं असलं तरी थांबवा.