शिकलेल्यांचं प्रमाण वाढलं, मग उरलेल्यांच्या तब्येतीचं काय?

मानेवाडावाली
आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई कधी शाळेत गेल्या नाहीत. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत. सकाळी पांढरी, रात्री गुलाबी, एवढं डोक्यात पक्कं. मागच्या महिन्यात सरकारी दवाखान्यातून दुसऱ्या कंपनीची पाकिटं मिळाली, दोन्ही पांढऱ्या. चुकीची घेण्यापेक्षा न घेतलेली बरी म्हणून त्यांनी आठ दिवस एकही घेतली नाही. ओट्यापाशी चक्कर येऊन बसल्या तेव्हा मला कळलं.

२०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची साक्षरता ८८ टक्क्यांच्या वर होती. चांगलीच गोष्ट. पण माझ्या आजीच्या काळी कंपाउंडर बाटलीवर कागदाची कातरपट्टी चिकटवून द्यायचा, एक कातर म्हणजे एक डोस. कारण बहुतेकांना वाचता येत नाही हे त्याला माहीत होतं. आता सगळ्यांना येतं असं धरून कारभार चालतो. शिक्षणानं सरासरी सुधारली, पण मागे राहिलेल्यांना दवाखाना आणखी अवघड झाला, असं माझं ठाम मत आहे.

खामल्याचा रहिवासी
अजिबात पटलं नाही. आमच्या घरात सिकलसेल आहे, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. मोठ्या काकांचा मुलगा लहानपणी सांधे दुखतात म्हणून रडायचा, त्याला बाहेरचं लागलंय म्हणून उतारे काढत बसले. तो गेला. त्याच घरातली पोरगी बारावीला बायोलॉजी शिकली आणि लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी झाल्याशिवाय सुपारी फोडू दिली नाही. नवरा-बायको दोघं वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नसून दोष अंगात असला, की प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे तिनं आजीला चार वाट्या मांडून समजावलं. हे काम कुठली कातरपट्टी करणार होती? दरी दिसते म्हणून शिक्षणाला काहून बोल लावता?

मानेवाडावाली
शिक्षणाला नाही हो, आपल्या गृहीत धरण्याला. तुमची बहीण शिकली याचा आनंदच आहे. पण ताई आता पन्नाशीच्या आहेत, त्यांनी काय करावं?

उमरेडची आशाताई
मी दहावी आहे, गावात घरोघरी फिरते. गडचिरोलीत बंग डॉक्टरांच्या सर्च संस्थेनं ३९ गावांत काय केलं ते बघा. गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. तिथल्या आया काही पदवीधर झाल्या नव्हत्या. आई दहावी होईपर्यंत बाळ थांबत नाही नं.

खामल्याचा रहिवासी
ताई, तुम्ही माझंच म्हणणं सांगून राहिल्या! त्या बायांना काट्यावरचं वजन वाचता येत होतं, नोंद लिहिता येत होती, म्हणून जमलं. गावात एकही शिकलेली बाई नसती तर?

उमरेडची आशाताई
हे मात्र खरं. पण मग एकीचं शिक्षण दहा घरांना पुरतं, हेही माना. फक्त तिनं दार वाजवलं पाहिजे.

धंतोली
नुसतं वाचता येणं किंवा फुकट दवाखाना यानं दरी मिटत नाही. इंग्लंडमध्ये १९६७ साली सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. सगळे पगारदार, उपचार मोफत. तरी हुद्दा जितका खालचा तितकं मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. सिगारेट, बीपी हे सगळं हिशेबात धरूनही फरक पूर्ण पुसला गेला नाही. ताईंना साक्षर कराल, पण चार घरची धुणीभांडी आणि मे महिन्यात पत्र्याखालची झोप तशीच राहील.

मानेवाडावाली
ते मान्य. ती लढाई मोठी आहे. तोवर मी पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढून दिलेत. दोन आठवडे झाले, एकही गोळी चुकली नाही. औषधाच्या दुकानात बसणारं कोणी इथं आहे का? गिऱ्हाइकाला न विचारता असं काढून देणं जमेल का?

महाल
आमचं दुकान आहे. जमतं. न विचारता मात्र नको, काहींना अपमान वाटतो. मी "चष्मा आणलाय का?" एवढंच विचारतो. नाही म्हणाले की पेन काढतो.