सुट्टीच्या दिवशी शिकवणी ठेवता का? अनुभव लिहा

उद्या तान्हा पोळा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा सण. सकाळपासून तीन पोट्टे विचारून गेले, "मॅडम, उद्या शिकवणी हाये का जी?" दहावीचं बीजगणित मागं पडलंय, म्हणून मन होत नाही बंद ठेवायचं. खेड्यात शिकवण्या घेणाऱ्यांनो, तुम्ही काय करता?
– वर्धा जिल्हा

तान्ह्या पोळ्याला? अजिबात नाही. मी एकदा ठेवली होती. पोरं आली, पण लाकडी नंदी काखेत घेऊन. एकाच्या नंदीचं चाक निसटलं, ते बसवण्यातच तास गेला. वर निघताना सगळ्यांनी माझ्याच दारात बोजारा, म्हणजे नंदीचे पैसे, मागितला!
– हिंगणघाटकडचा

माझं उलटं आहे. दिवाळीनंतरच्या सुट्ट्यांना मी मुद्दाम ठेवते. आमच्याकडे कापूस फुटला की शाळेची सुट्टी म्हणजे वेचणीचा दिवस. मजुरी किलोवर, घरातला एकही हात रिकामा चालत नाही. एका गुरुनानक जयंतीला बंद ठेवणार होते, तर नववीतली एक मुलगी आदल्या संध्याकाळी मागं रेंगाळली. "ठेवा ना जी मॅडम. शिकवणी हाये म्हटलं का बाबा नऊ वाजेलोक काई म्हणत नाई." बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरबाडलेली, कंपास धरताना तर्जनी वर उचलून धरायची. तेव्हापासून सुट्टीला सात ते नऊ. दोन तास वेचणी बुडते म्हणून पालकांची बोलणी मी खाते. फी जादा घेत नाही, घेतली तर पहिली तीच गळेल.
– यवतमाळ

26 जानेवारी: प्रभातफेरी, झेंडावंदन, मग दुपारी पोरं सतरंजीवरच झोपली. पुन्हा नाही ठेवली.

14 एप्रिलला मी सराव पेपर ठेवला होता. परीक्षा तोंडावर, एका दिवसानं काय होतं, असं वाटलं. निम्मी पोरं जयंतीच्या मिरवणुकीत. दुसऱ्या दिवशी एक वडील आले. आवाज न चढवता म्हणाले, "सर, दिवाळीत तुम्ही चार दिवस बंद ठेवता ना?" काय बोलणार! पेपर सगळ्यांचा पुन्हा घेतला, पण पोरं गैरहजर म्हणून मी वहीत लाल फुल्या मारल्या होत्या, त्या अजून डोळ्यांसमोर येतात.
– अमरावती जिल्हा

मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) दुसऱ्या दिवशीही ठेवू नका. रात्रभर झाडीपट्टीचं नाटक पाहून मीच शिकवताना पेंगलो होतो.
– गडचिरोली

बरं, उद्या बंद. बीजगणित परवा. बोजाऱ्याला सुटे आणायला निघाले.
– वर्धा जिल्हा