काळी माती, पाया आणि कूलरची खिडकी

दादा, ३० बाय ५० च्या प्लॉटवर भाड्याची चार बिऱ्हाडं काढायची, तर खर्च कुठे वाचवायचा असं विचारलंत. पायात अजिबात वाचवू नका. नागपुरात बऱ्याच भागांत काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. आमच्या ठेकेदाराने मुरूम, म्हणजे काळ्या मातीखालचा घट्ट थर, लागायच्या आधीच खोदकाम थांबवलं आणि मी मान डोलावली. दुसऱ्याच उन्हाळ्यात जिन्याच्या भिंतीला तिरपी भेग गेली, बोट जाईल एवढी. ते दुःख अजून जात नाही.

वाचवायचं तर वरखाली एकच नकाशा ठेवा. संडास-बाथरूमवर संडास-बाथरूम आलं की पाइप एकाच डक्टमधून उतरतात, गळती शोधणंही सोपं. विटा फ्लाय अ‍ॅशच्या घ्या. त्यांना लागणारी कोळशाची राख कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतून जवळच मिळते.

आणि कूलर! प्रत्येक बिऱ्हाडाला एका खिडकीबाहेर स्टँडची जागा, विजेचा पॉइंट आणि पाण्याचा नळ आत्ताच नकाशात काढून घ्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तिसऱ्या खोलीपेक्षा हे मोलाचं. कूलरच्या खिडकीतून आलेली गार हवा समोरच्या दाराने किंवा खिडकीतून बाहेर पडायलाही वाट हवी, नाहीतर नुसता दमटपणा होतो.

विजेचे मीटर मात्र चारही वेगळेच घ्या.