नेट-जेआरएफ (कॉलेजात शिकवण्यासाठीची आणि संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा): दिव्यांगांना मार्कांत सूट किती?

बहिणीला एमएला ५२ टक्के, पायाने अपंग, सर्टिफिकेट ४५ टक्क्यांचं, ओपनमधली आहे. कॉलेजातला क्लार्क म्हणतो ५५ लागतातच, फॉर्म भरू नको. खरंय का हो?

> बिनधास्त भरू दे! दिव्यांगांना ५० चालतात, जात कुठलीही असो, सर्टिफिकेट ४० च्या वर आहे ना मग झालं. फक्त ४९.९९ ला ५० धरत नाहीत हां.

> आणि परीक्षेत दिव्यांगांना दोन्ही पेपर मिळून ३५ टक्के पाहिजेत, दिव्यांग नसलेल्या ओपनवाल्यांना ४०. पण ३५ पडले म्हणजे फेलोशिप खिशात असं समजू नका, पुढे मेरिट असतंच, त्या विषयाचे दिव्यांगांचे जुने कटऑफ काढून बघा.

> जेआरएफला वयातही ५ वर्षं सूट. लेखनिक लागणार असेल तर फॉर्ममध्येच टिक करायचं, ३ तासांच्या पेपरला तासभर जादा मिळतो.

लेखनिक नकोय. आजच भरतो, थँक्यू!