विषय: विल्मिंग्टन सहल आणि वाटेतला एक तास

मंडळी, नमस्कार.

आपल्या मराठी मंडळाची मे महिन्यातली सहल ठरली आहे. बस रालेहून निघेल, आय-४० हायवेने सरळ आपल्या नॉर्थ कॅरोलिनातलंच विल्मिंग्टन आणि पुढे राइट्सव्हिल बीच. सकाळी बसमध्ये पोहे, दुपारी वडापाव. एका सभासदाची सूचना आहे की समुद्रावर जाण्याआधी विल्मिंग्टन शहरात नॉर्थ थर्ड स्ट्रीटवरच्या १८९८ च्या हिंसाचाराच्या स्मारकापाशी तासभर थांबावं. कुणाची हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा. (वर्गणीच्या ईमेलला उत्तरं येत नाहीत, हरकतीच्या ईमेलला येतात, हा अनुभव आहेच.)

– सचिव

---

सचिवसाहेब,

हरकत आहे. रागावू नका. मुलं वर्षभर शाळेत हेच शिकतात, सहलीला तरी त्यांना वाळूत खेळू द्या. मंडळाच्या घटनेत आपण राजकारणापासून लांब राहू असं लिहिलंय. मी बारा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे, मला इथे मत नाही. माझा एक शेजारी गोरा, एक काळा, दोघांशीही माझं उत्तम जमतं, आणि ते तसंच राहावं एवढीच इच्छा. १८९८ साली माझे पणजोबा पुण्यात प्लेगच्या छावणीत होते. इथल्या दंगलीशी आपलं काय देणंघेणं?

– मॉरिसव्हिलहून

---

मॉरिसव्हिलकर,

तुमचं पत्र वाचून राग नाही आला, पण 'दंगल' या शब्दापाशी अडखळले. इथल्या लोकांनीही शंभर वर्षं हाच शब्द वापरला. दंगलीत दोन जमाव असतात. विल्मिंग्टनमध्ये एकच होता.

थोडं मागून सांगते. १८९४ मध्ये या राज्यात गोऱ्या गरीब शेतकऱ्यांचा पॉप्युलिस्ट पक्ष आणि काळ्यांचा पाठिंबा असलेला रिपब्लिकन पक्ष एकत्र आले आणि निवडणूक जिंकले. १८९६ मध्ये गव्हर्नरही त्यांचाच आला. विल्मिंग्टन तेव्हा राज्यातलं सगळ्यांत मोठं शहर. वस्ती निम्म्याहून जास्त काळी. नगरपालिकेत, पोलिसांत, कस्टममध्ये काळी माणसं होती. डेमोक्रॅट पक्षाला (तेव्हाचा डेमोक्रॅट, आजच्याशी गल्लत नको) हे खुपत होतं. पक्षाची सूत्रं फर्निफोल्ड सिमन्सच्या हाती, आणि प्रचाराची तोफ म्हणजे रालेचं 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर' आणि त्याचे संपादक जोसेफस डॅनियल्स. 'काळ्यांपासून आपल्या बायका वाचवा' हा एकच धोशा, रोज व्यंगचित्रांसकट. त्यावर विल्मिंग्टनच्या 'डेली रेकॉर्ड' या काळ्यांच्या वर्तमानपत्रात ॲलेक्स मॅनली यांनी ऑगस्टमध्ये उत्तर लिहिलं: अशा संबंधांत गोऱ्या बाईची स्वतःची इच्छाही असते, आणि काळ्या बायकांवर हात टाकणाऱ्या गोऱ्यांचं काय? मग तोच लेख निवडणुकीपर्यंत राज्यभर मिरवला गेला.

८ नोव्हेंबरला निवडणूक झाली, धाकदपटशाने. ९ तारखेला कर्नल वॅडेल या माजी खासदाराने कोर्टात गोऱ्यांचा जाहीरनामा वाचला आणि काळ्या समाजातल्या ३२ प्रतिष्ठित माणसांना बोलावून सांगितलं: वर्तमानपत्र बंद, मॅनली शहराबाहेर, उत्तर उद्या सकाळी साडेसातच्या आत. त्यांनी नमतं घेणारं उत्तर लिहिलंही. पण ज्याने ते नेऊन द्यायचं त्याने ते टपालात टाकलं. सकाळी उत्तर पोचलेलं नव्हतं. जमावाने छापखाना जाळला, मॅनली आधीच निसटले होते. मग गोळीबार. मेलेल्यांचा आकडा १४ पासून ६० च्या वर, सांगेल तितका. बायकामुलं थंडीत दलदलीत आणि कब्रस्तानात लपली. संध्याकाळी महापौर आणि नगरसेवकांकडून बंदुकीच्या धाकाने राजीनामे घेतले, आणि वॅडेल स्वतः महापौर झाले. शिक्षा कुणालाच नाही. सिमन्स तीस वर्षं सिनेटर होते. डॅनियल्स पुढे देशाचे नौदलमंत्री झाले. रालेत त्यांचा पुतळा होता, तो २०२० च्या जूनमध्ये त्यांच्याच घरच्यांनी काढवला.

आता तुमच्या 'देणंघेणं'बद्दल. मी १९६९ मध्ये डरमला आले. तेव्हा शहराच्या मधोमध खोदकाम चालू होतं. हेटाय ही काळ्यांची जुनी वस्ती (स्पेलिंग हैतीसारखं, उच्चार हे-टाय, मी पहिलं वर्षभर चुकीचा करत होते). दुकानं, थिएटर, दवाखाने, चर्च. शहर सुधारणेच्या नावाखाली चार हजारांवर कुटुंबं आणि पाचशेच्या आसपास धंदे उठवले, आणि मधून रस्ता काढला. तोच हायवे १४७, ज्याच्यावरून निम्मं मंडळ रोज आरटीपीला (रिसर्च ट्रँगल पार्क) कामाला जात आलंय. दक्षिणेकडच्या तुकड्याला हल्ली ८८५ म्हणतात. माझा पहिला कोट ज्या शिंप्याने आखूड करून दिला त्याचं दुकान दुसऱ्या हिवाळ्यात नव्हतं. मी तेव्हा विचारलंही नाही कुठे गेला.

आणि मी इथे आले कशी? १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिकत्व नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं. १९६५ च्या ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये स्थलांतराचा. राष्ट्राध्यक्ष तेच, संसद तीच. पहिला कायदा कुणी मार खाऊन आणला ते ठाऊक आहे. दुसऱ्याचा फायदा आपल्याला झाला.

आणखी एक. १९०० मध्ये या राज्याने घटनेत मतदारासाठी वाचण्या-लिहिण्याची परीक्षा घातली, पण ज्याचा बाप-आजा १८६७ च्या आधी मतदार होता त्याला काही वर्षं माफी. म्हणजे अडाणी गोऱ्याला मत, काळ्याला परीक्षा. ते कलम काढावं का, असं १९७० मध्ये मतदारांना विचारलं गेलं. बहुमत 'नाही' म्हणालं! केंद्राच्या कायद्यापुढे ते निरुपयोगी होतं, तरीही. मी तेव्हा इथेच होते, आणि तुमच्यासारखंच मलाही मत नव्हतं.

– डरमची काकू

---

काकूंना नमस्कार. मी ग्रीन्सबरोला शिकतो, मूळचा नागपूरचा.

इथे वुलवर्थ या दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर १ फेब्रुवारी १९६० ला ए अँड टी या काळ्यांच्या कॉलेजचे चार विद्यार्थी निषेध म्हणून बसले. पण डरममध्ये रॉयल आइसक्रीमच्या दुकानात जून १९५७ मध्येच लोक असेच गोऱ्यांच्या बाजूला बसले होते आणि त्यांना अटकही झाली, हे काकू विसरल्या की मुद्दाम सोडलं?

मॉरिसव्हिलकर काका, आपलं नातं १९६५ च्याही आधीचं आहे. जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉइस या काळ्या विचारवंतांना पत्र लिहून विचारलं की काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत मिळेल का. आणि लोहियांना १९६४ मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या कॅफेटेरियात शिरू दिलं नाही, ते दुसऱ्या दिवशी परत गेले आणि त्यांना अटक झाली.

तुम्ही म्हणता राजकारण नको. गणपतीला मला तीनदा आडनाव विचारलं गेलं, आणि पुढचा प्रश्न 'म्हणजे नेमके कुठले?' हा होता. ते राजकारण नसेल तर हेही नाही.

– ग्रीन्सबरोहून

---

रॉयल आइसक्रीम विसरले. वय झालं. आडनावाचं वाचून मान खाली गेली. विचारणाऱ्यांत मी होते का ते मला वेगळं लिहून कळव.

– काकू

---

काकू, एक विचारायचं राहिलं. त्या माणसाने उत्तर हातात न देता टपालात का टाकलं?

– मॉरिसव्हिलहून

---

रस्त्यात हत्यारबंद पहारे होते. कर्नलच्या घरापर्यंत जायची त्याला भीती वाटली. वकील होता, तरुण. नंतर त्यालाही शहर सोडावं लागलं.

– काकू

---

मंडळी,

बस सकाळी ६:३० ला सुटेल, उशीर करणाऱ्यांसाठी थांबणार नाही. नॉर्थ थर्ड आणि डेव्हिसच्या कोपऱ्यावर ९ ते १०. तिथे काशाची सहा उंच वल्ही उभी आहेत, तीच खूण. सावली कमी आहे, टोप्या आणा. ज्यांना उतरायचं नाही त्यांनी बसमध्ये बसावं, एसी चालू ठेवू.

– सचिव

---

माझं मत तेच आहे. मी बसमध्ये बसेन. मुलगी उतरणार म्हणते आहे. काकू, तिला जरा सोबत घ्या.

– मॉरिसव्हिलहून