पार्किंग लाईट लावले की फ्यूज उडतो, पण कधीकधीच! (मारुती ८००, १९९९)

जुनी८००:
नमस्कार मंडळी. बाबांची १९९९ची ८०० आता माझ्याकडे आलीय, चालते मस्त पण महिनाभर एक भूत मागं लागलंय. पार्किंग लाईट लावले की टेलचा फ्यूज जातो, मग मागचे लाल दिवे आणि मीटरमधला उजेड दोन्ही बंद, हेडलाईट मात्र चालू. झाकणावर १५ अँपिअर लिहिलंय तोच टाकतो, कधी आठवडाभर टिकतो कधी सोसायटीच्या गेटपर्यंतपण नाही. मल्टीमीटर बीपवर ठेवून फ्यूजच्या खाचेतून बॉडीला लावला तर वाजतच राहतो, म्हणजे शॉर्टच ना? इलेक्ट्रिशियनने दोनदा बघितलं, दुसऱ्यांदा सरळ ३०चा फ्यूज ठोकला आणि म्हणाला आता नाय उडणार, उडाला तर पूर्ण वायरिंग बदलू. काय करू?

पाना_१०_११:
आधी तो ३०चा काढा, हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता. १५चा उडत होता म्हणजे आपलं काम करत होता. आता फ्यूजऐवजी वायर तापणार आणि ती कार्पेटखालून जाते.
बीपवर जाऊ नका. थंड बल्बच्या फिलामेंटचा रेझिस्टन्स अगदी कमी असतो, त्यात टेल, पार्किंग, मीटर सगळे बल्ब पॅरलल, मग मल्टीमीटर ओरडणारच.
मी काय करतो, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घेतो, दोन वायरी काढून फ्यूजच्या जागी लावतो. टेल आणि पार्किंगचे बल्ब काढून ठेवायचे आणि स्विच ऑन. नुसता मीटरचा लोड असेल तर बल्ब मिणमिणेल, शॉर्ट असेल तर फुल्ल पेटेल. पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जातच नाही त्यामुळे वायर जळायची भीती नाही, फ्यूजचं पाकीटपण वाचतं. मग एकेक कपलर (वायरी जोडायचा प्लग) काढत जा, जो काढल्यावर बल्ब मंद होईल त्या बाजूला भानगड.

गिअर_कोल्हापुरी:
भावा अल्टरनेटर बघ एकदा, व्होल्टेज जास्त आलं की फ्यूज उडतात

पाना_१०_११:
अहो व्होल्टेज वाढलं तर बल्ब जातील, आणि एकच फ्यूज कशाला उडेल?

पद्मिनीवाली_मावशी:
"कधीकधीच" म्हणताय ना, मग जे हलतं तिथे बघा. डिकीची बिजागरी, स्टिअरिंगखालचा स्विच, वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथलं रबर. बल्ब लावलेला ठेवा आणि घरच्या कुणालातरी वायरी हलवायला बसवा. आणि कंपनीच्या नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू संशयित धरा. आमच्या पद्मिनीतला शॉर्ट कॅसेट प्लेअरच्या मागे निघाला, प्लेअर काढून बारा वर्षं झालेली, वायर मात्र उघड्या तोंडाने लोंबत होती 😄

जुनी८००:
सापडलं!!! सकाळी दोन तास बल्ब लावून बसलो, सगळं हलवलं, ढिम्म. आईने चहाला हाक मारली म्हणून डिकी आपटली आणि पुढे बल्ब भक्कन पेटला. मी येडा दोन तास डिकी उघडी ठेवूनच तपासत होतो.
बाबांनी कधीतरी मागच्या काचेला लाल एलईडीची पट्टी लावून घेतलेली, ती बंद पडूनही जमाना झाला. लावणाऱ्याने तिची वायर उजव्या टेललाईटच्या वायरला सोलून नुसती गुंडाळलीय, वर टेप, आणि बिजागरीजवळ पत्र्याच्या भोकातून विनारबर काढलीय. डिकी लावली की ती पत्र्याच्या धारेवर दाबली जाते, खड्ड्यात घासते. प्लास्टिक कापून तांब्याचे दोनतीन केस बाहेर आलेत आणि पत्र्यावर तिथेच तिळाएवढा काळा ठिपका. मावशी म्हणाल्या तेच निघालं.
पट्टीची वायर मुळापासून काढली, सोललेली जागा सोल्डर करून स्लीव्ह चढवली. १५चा टाकून परत परत डिकी आपटून बघितली, शेजारचे काका बाल्कनीत आले काय झालं बघायला. पट्टी कचऱ्यात टाकत होतो तर बाबा म्हणाले राहू दे, चारशे रुपयांची आहे.

पाना_१०_११:
भारी! आणि तो ३०चा फ्यूज?

जुनी८००:
तो त्याच दिवशी काढला. तोही बाबांच्या डब्यात आहे, पट्टीशेजारी.